कोकिळेचे दात

शाळेत नवं असणं ही चार-आठ दिवसांची गोष्ट असते, असं मोठी माणसं सांगतात. मोठ्या माणसांना शाळेत जायचं नसतं, म्हणून त्यांना असलं काहीबाही सांगायला जमतं. आपल्या गोष्टीतली मुलगी वर्गात आली ती अर्धं वर्ष सरल्यावर, वडिलांनी बिऱ्हाड हलवलं म्हणून. ती आल्यानंतर वर्गात नवा फळा आला, त्याचं कौतुक झालं, त्यावर कोणीतरी कंपासपेटीने ओरखडा काढला आणि तो जुना झाला. खिडकीला नव्या काचा बसल्या, त्यातली एक फुटली आणि बाकीच्या जुन्यात जमा झाल्या. मुलगी मात्र नवीच राहिली. तिला चांगलं नाव होतं, हजेरीत ते रोज घेतलंही जायचं, पण एरवी सगळा वर्ग तिला 'नवी' म्हणायचा. ए नवी, खिडकी लाव. ए नवी, वाटेत उभी राहू नकोस.

वर्गात एका बाकावर दोघांनी बसायचं. जोड्या बालवाडीपासून ठरलेल्या, त्या मोडायची ब्रह्मदेवाचीही टाप नव्हती. नवी आली तेव्हा खिडकीजवळचा एकच बाक मोकळा होता, आणि त्याच्याही अर्ध्या भागावर पृथ्वीचा गोल ठेवलेला. कपाटात जागा होईपर्यंत तो तिथे राहणार होता, आणि कपाटात जागा काही होत नव्हती. अशी नवीची जोडी जमली ती थेट पृथ्वीशी. त्यातही पृथ्वीची एकच बाजू तिच्या वाट्याला आली होती, ती म्हणजे महासागर. वरपासून खालपर्यंत निळं पाणी आणि मधे माशीने घाण केल्यासारखी दोन बेटं. डोंगर, नद्या, देश, माणसं, जे काही बघण्यासारखं होतं ते सगळं खिडकीच्या बाजूला. गोल फिरवायची सोय होती, पण त्याचा आस गंजलेला. जरा हात लावला की तो असा करकरायचा की अख्खा वर्ग माना वळवून बघायचा. नवीने पहिल्या दिवशी एकदा तो फिरवला आणि कानाला खडा लावला.

तिला काय हवं होतं ते सरळच सांगू या. तिला शेजारी माणूस हवं होतं. हुशार नको, प्रेमळ नको, शेंबडं असलं तरी चालेल, पण श्वास घेणारं.

शाळेच्या जिन्याखाली एक अंधारी जागा होती आणि तिथे मधल्या सुट्टीत एक मंडळ भरायचं. मंडळात तिघं. एक अध्यक्षीण. तिला कोणी निवडून दिलं नव्हतं, पण ती बोलायला लागली की समोरचा आपोआप सरळ उभा राहायचा. तिचा वरचा एक दात शेजारच्या दातावर चढून बसलेला होता आणि त्यामुळे ती हसली तरी दम दिल्यासारखी दिसायची. दुसरा बोंबल्या. त्याला कानात सांगितलेलं गुपित तोच दुसऱ्याच्या कानात इतक्या जोरात सांगायचा की तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचं. तिसरा पंडित. त्याला जगातलं सगळं माहीत होतं आणि त्यातलं बहुतेक चुकीचं होतं.

मंडळात शिरायचा नियम एकच: दुसऱ्या कोणाच्याही घरात नसेल अशी वस्तू आणून दाखवायची. बोंबल्याने आजोबांचा मुतखडा आणला होता, औषधाच्या बाटलीत, कापसावर ठेवून. पंडितने आकाशातून पडलेली उल्का आणली होती. ती दिसायला कोळशासारखी होती, हाताला लागायची कोळशासारखी आणि त्याला ती सापडलीही होती इस्त्रीच्या दुकानामागे, पण उल्का कुठे पडावी हे तिच्या हातात नसतं, असं पंडितचं म्हणणं होतं. अध्यक्षिणीने काही आणलं नव्हतं. ती अध्यक्षीण होती.

नवीने एकदा धीर करून विचारलं, "मी काही आणलं तर चालेल?"

अध्यक्षिणीने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "वस्तू बघू. मग विचार करू."

आता दुसऱ्या कोणाच्याही घरात नसेल अशी वस्तू नवीच्या घरात एक नव्हे, फळीभर होती. तिचे बाबा कवळ्या बनवायचे. बाहेरच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल, त्यावर पांढरं प्लास्टर, गुलाबी मेण, बारीक कानशी आणि स्पिरिटचा दिवा. भिंतीवरच्या फळीवर साच्यांत बसवलेले दात ओळीने ठेवलेले. पाहुणे आले की दोन घोट चहा पिऊन उठायचे, कारण समोरून इतक्या जणांनी दात विचकलेले असताना बिस्किट घशाखाली उतरत नाही. लोक म्हणतात दात कोरून पोट भरत नाही. बाबा म्हणायचे, आपलं तर बाबा त्याच्यावरच भरतं.

कवळ्यांना शेवटची चकाकी आई द्यायची. बाबा दाताचा माणूस आणि आई जिभेची, असं बाबा म्हणायचे, पण आई स्वयंपाकघरात असताना.

बाबांचा एक नियम होता: तोंडातली गोष्ट तोंडातच राहते. कवळी कोणाची, हे घरात कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही. गिऱ्हाईक यायचं ते अंधार पडता पडता, मागच्या दाराने, आणि त्या वेळी नवीला आतल्या खोलीत पाठवलं जायचं. डब्यांवर गिऱ्हाइकांची नावं कधी नसायची. बाबा त्यांना पाखरांची नावं द्यायचे. बगळा, साळुंकी, टिटवी, घुबड. सध्या टेबलावर होती ती कोकिळा.

कोकिळेने बाबांचा जीव खाल्ला होता. तिची जुनी कवळी मधोमध तडकलेली, बोलताना टकटक वाजायची, म्हणून तिला दुसरी कवळी घाईने हवी होती. पण साधी नाही. तिचे स्वतःचे दात जसे होते, हुबेहूब तसेच हवे होते: वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला आणि त्याच्या बाजूला बारीकशी फट.

"लोक वाकडे दात सरळ करायला पैसे देतात," आई म्हणाली. "ही बाई सरळ दात वाकडे करायला देते."

"सरळ केले तर सगळ्यांना कळेल ना, की खोटे आहेत ते," बाबा म्हणाले. "माणसाला दात गेल्याचं वाटत नाही एवढं, लोकांना कळल्याचं वाटतं."

कवळी तयार झाली तेव्हा बाबा ती हातात घेऊन दिव्याकडे धरून कितीतरी वेळ बघत राहिले. एवढे सुंदर वाकडे दात त्यांनी आयुष्यात केले नव्हते. कोकिळा ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्यायला येणार होती. नवीने हिशेब केला की शाळा तर संध्याकाळच्या आत सुटते. असले हिशेब शाळेत शिकवत नाहीत, ते मुलांना आतूनच येतात. तिने डबा दप्तरात टाकला आणि टेबलावर त्याच्या जागी घुबडाचा ठेवला.

मधल्या सुट्टीत जिन्याखाली तिने डबा उघडला. वरचे आणि खालचे, दोन्हीकडचे दात गुलाबी हिरड्यांसकट तिघांकडे बघून हसले. बोंबल्या गप्प झाला. पुढे पुष्कळ वर्षं मंडळात हा प्रसंग 'बोंबल्या गप्प झाला तो दिवस' म्हणून सांगितला गेला.

"मेलेल्या माणसाचे असतात हे," पंडित म्हणाला.

"नाही. माझ्या बाबांनी केलेत. कालच."

"तेच. काल मेलेल्या माणसाचे."

अध्यक्षिणीने कवळी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि स्वतःच्या चढलेल्या दाताला जीभ लावून बघितली. "माझ्यासारखाच आहे हा एक," ती म्हणाली, आणि नवीला वाटलं की आपलं काम झालं.

मग जे व्हायचं ते झालंच. हातात दात आले की काहीतरी चावून बघावंसं वाटतं, हा माणसाचा स्वभाव आहे. त्यांनी खडू चावला. खोडरबर चावला. हात धुवायच्या नळावरचा साबण चावला. पंडित नाही नाही म्हणत असताना उल्का चावली, तिचा कोपरा मोडला आणि सगळ्यांचे हात काळे झाले. उल्केचं आतलं अंग असंच असतं, पंडित म्हणाला. आणि मग बोंबल्याची नजर वर गेली.

जिन्याखालीच चित्रकलेच्या सरांचं कपाट होतं आणि कपाटावर टोपली. टोपलीत मेणाची फळं. त्यातलं लाल सफरचंद म्हणजे सरांचा जीव की प्राण. शाळेतल्या प्रत्येक मुलाने ते काढलेलं होतं, काहींच्या आईबापांनीही काढलेलं होतं. सर ते स्वतः फडक्याने पुसायचे आणि ठेवताना म्हणायचे, उजेड येऊ दे रे त्याच्यावर.

"मेण नको," नवी म्हणाली. मेणात घेतलेला चावा म्हणजे सही असते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. बाबा गिऱ्हाइकाला आधी मेणाची पट्टीच तर चावायला द्यायचे. पण तिचं वाक्य पुरं होईपर्यंत बोंबल्याने दोन्ही हातांनी कवळी धरून सफरचंदाचा लचका तोडला होता.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. सफरचंद चावलेली बाजू मागे करून टोपलीत गेलं. नवीने कवळी नळाखाली धुतली, चावलेल्याच साबणाने, आणि डबा फ्रॉकच्या खिशात घातला. "माझं काय ठरलं?" तिने जिना चढता चढता विचारलं.

"विचार चालू आहे," अध्यक्षीण म्हणाली.

शेवटचा तास चित्रकलेचा होता. त्या दिवशी बटाट्याचे ठसे करायचे होते म्हणून सरांनी पिशवीभर बटाटे आणले होते. पण आधी थोडं सफरचंद, असं म्हणून त्यांनी टोपली टेबलावर ठेवली, सफरचंद उचललं, उजेडाकडे वळवलं आणि तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून पहिल्या बाकावरची मुलगी रडायला लागली. का, ते तिलाही माहीत नव्हतं.

"कोणी खाल्लं?" सर म्हणाले.

मेणाचं सफरचंद खाईल असा मुलगा वर्गात कोण, याचा जो तो मनात विचार करत होता, आणि बहुतेकांना दोन-तीन नावं सुचलीही होती.

सरांच्या अंगात मग पोलीस संचारला. त्यांनी बटाट्यांच्या जाड चकत्या केल्या आणि एकेक प्रत्येकाच्या हातात दिली. "चावा. तुकडा तोडायचा नाही. नुसता ठसा."

सगळा वर्ग कच्चा बटाटा तोंडात धरून बसला. कोणाला ओकारी आली, कोणी चकती खाऊन टाकली आणि दुसरी मागितली. सर बाकाबाकावरून सफरचंद आणि भिंग घेऊन फिरले. नवीकडे आले, तिची चकती बघितली, तिच्याकडे बघितलं आणि पुढे गेले, कारण नवीचे वरचे पुढचे दोन दात मागच्याच महिन्यात पडले होते. बोंबल्याच्या पाचावर धारण बसली होती, पण त्याचे दात फळीसारखे सरळ, तो सुटला. मग सर अध्यक्षिणीच्या बाकाशी थांबले. चढलेला दात. बाजूला फट. त्यांनी चकती सफरचंदाला लावली आणि सुस्कारा सोडला.

"तू?" सर म्हणाले. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. चल मोठ्या बाईंकडे. घरी चिठ्ठी जाईल."

अध्यक्षिणीने फक्त एकदा नवीकडे बघितलं. तिला बोलता आलं असतं. सर, मी नाही, ही नवी घरून दात घेऊन आली आहे, तिच्या खिशात बघा. एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं, आणि नवी तर अजून मंडळात धड घेतलेलीही नव्हती. पण अध्यक्षीण मूग गिळून उठली आणि सरांच्या मागे ताठ मानेने निघाली.

आजवर तिच्यासाठी ह्या शाळेत कोणी खिडकीसुद्धा लावली नव्हती. आता काहीतरी करायलाच हवं होतं, आणि वर्गातून उठायला निमित्त हवं होतं. तिने शेजारी बघितलं. शेजारी पृथ्वी होती. नवीने ती उचलली, कडेवर घेतली आणि दारातून बाहेर पडली. कडेवर पृथ्वी घेऊन चाललेल्या मुलीला कोणी अडवत नाही.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांचा आवाज असा की मुलांनी त्यांचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. त्या आपल्या खोलीत 'शांत' म्हणाल्या तर मैदानावरचं कुत्रं बसायचं. पण गेले काही दिवस भोंगा बंद होता. बाई तोंडाला रुमाल लावून असायच्या, सर्दी झाली आहे असं खुणेने सांगायच्या, आणि इतर बाईंबरोबर डबा खायलाही जायच्या नाहीत. शाळेला वाटत होतं की त्या कोणावर तरी भयंकर रागावल्या आहेत, आणि जो तो समजत होता की आपल्यावरच.

नवी दारात पोचली तेव्हा सरांचं भाषण चालू होतं. टेबलावर सफरचंद होतं, अध्यक्षिणीची चकती आणि उरलेल्या दोन-तीन कोऱ्या चकत्या. "माणूस नाव बदलेल, वेष बदलेल, पण दात बदलणार नाही," सर म्हणाले.

मोठ्या बाईंनी सफरचंद उचललं. चावा बघितला. मग त्यांनी ते हळूच खाली ठेवलं आणि रुमाल दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला. "कोणी..." त्या म्हणाल्या, आणि रुमालाआडून आवाज आला, टक.

सरांनी तो ऐकला नाही. अध्यक्षिणीनेही नाही. पण नवी त्याच आवाजांच्या घरात वाढलेली होती. तडकलेली कवळी, वरची, मधोमध. तिने मोठ्या बाईंकडे बघितलं आणि खिशातल्या डब्याला हात लावला. कोकिळा.

"तुला काय हवंय?" सर म्हणाले. "आणि ती पृथ्वी कशाला आणलीस?"

"चावा तिचा नाही, सर," नवी म्हणाली.

"मग कोणाचा?"

आता एक नाव घ्यायचं की अध्यक्षीण सुटली. पण मोठ्या बाई रुमालाच्या वरून नवीकडे बघत होत्या, आणि ते बघणं नवीला ओळखीचं होतं. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून डबा खाताना, कोणी आपल्याकडे बघून हसत तर नाही ना, म्हणून ती स्वतः अशीच बघायची. एवढी मोठी बाई, हातात अख्खी शाळा, आणि तिलाही तीच भीती. नवीला त्यांची फार दया आली.

"माझा," ती म्हणाली.

सरांनी टेबलावरची दुसरी चकती तिच्या तोंडासमोर धरली. नवीने जीव तोडून चावा घेतला. सरांनी तो भिंगाखाली धरला. दोन बाजूंना दोन खुणा आणि मधे मोकळं मैदान.

"हा चावा आहे की फाटक?" सर म्हणाले. "सफरचंद चावायला तुला दात उगवावे लागतील. मैत्रिणीसाठी खोटं बोलतेस?"

मैत्रीण हा शब्द ऐकून नवी एवढी दचकली की पृथ्वी तिच्या हातातून सुटता सुटता राहिली. अध्यक्षीणही तिच्याकडे बघतच राहिली.

"बाई, आपल्याला पद्धत पटत नसेल तर आपणच एकदा चावून बघा," सर म्हणाले आणि त्यांनी एक कोरी चकती मोठ्या बाईंपुढे केली. "म्हणजे लक्षात येईल, माणूस कसा ओळखू येतो ते."

मग मोठ्या बाईंनी चकतीकडे बोट दाखवलं, नाक मुरडलं आणि रुमालातून कसंबसं म्हणाल्या, "धुऊन."

"अर्थात, बाई. धुऊन आणतो," सर म्हणाले आणि नळाकडे गेले.

सर गेले तशा मोठ्या बाईंनी नवीच्या फुगलेल्या खिशाकडे बघितलं आणि हात पुढे केला. नवीने पृथ्वी खाली ठेवली आणि डबा त्यांच्या तळहातावर ठेवला. बाई कपाटाचं दार उघडून त्याच्या आड गेल्या. अध्यक्षीण आ वासून उभी होती. कपाटाआड खुडबूड झाली, टक झालं, मग क्लिक झालं, आणि आतून आवाज आला. तो भोंगाच होता, पण तेल घातलेला.

"हे धुतलेत ना?"

"हो बाई. साबणाने."

"मग याला कोळशाची चव कशी?"

"कोळसा नाही, उल्का आहे ती, बाई," अध्यक्षीण म्हणाली.

बाई कपाटाआडून बाहेर आल्या. रुमाल हातात होता, तोंडावर नव्हता. वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला, बाजूला बारीकशी फट. त्यांनी नवीकडे वाकून बघितलं. "तुझे बाबा माझ्याबद्दल घरी काय बोलतात?"

"काही नाही, बाई. ते कोणाचंच नाव घेत नाहीत. डब्यावर फक्त पाखराचं नाव असतं."

"माझं कोणतं?"

"कोकिळा."

मोठ्या बाईंना शाळेत आपल्याला काय म्हणतात ते चांगलंच ठाऊक होतं. मग त्यांनी पदर सावरला आणि खुर्चीवर बसल्या त्या आधीपेक्षा वीतभर उंच दिसायला लागल्या.

सर ओली चकती घेऊन आले. बाईंनी ती घेतली, तोंडात घातली, कचकन चावली, आणि नुसता ठसा उमटवून थांबल्या नाहीत. त्यांनी ती चावून चावून खाल्ली. सगळी. सालासकट. सर बघत होते. शेवटचा घास गिळून बाईंनी रुमालाने ओठ टिपले.

"पद्धत छान आहे, सर," त्या म्हणाल्या, आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. "पण हा चावा बघा किती रुंद आहे. मुलांची तोंडं एवढी नसतात. मोठ्या माणसाचा आहे हा. आता शाळेत मोठी माणसं कोण? तपास करायचाच तर शिक्षकांपासून सुरुवात करू. आधी, ज्याच्या ताब्यात सफरचंद होतं तो."

सरांनी नकळत आपल्या तोंडावर हात ठेवला. "तसं काही फार नुकसान नाही झालेलं," ते म्हणाले. "चावलेलं सफरचंदही काढायला चांगलंच. छाया-प्रकाश जास्त मिळतो."

"मलाही तेच वाटतं," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी अंधार पडता पडता मागचं दार वाजलं. बाबांनी नवीला आत पाठवलं आणि टेबलावरचा डबा उघडला, तर आत घुबड. बाबांची दातखिळी बसली. पण कोकिळा पलीकडून म्हणाली, "शोधू नका. बसले छान. शाळेतच मिळाले मला, घरपोच." मग दोघं खालच्या आवाजात बराच वेळ बोलत राहिली. खालच्या म्हणजे बाबांच्या बाजूने खालच्या. आतल्या खोलीत नवीने उशीत तोंड खुपसलं. नंतर बाबा आत आले ते कान पिळायच्या तयारीने. त्यांनी कान धरलाही, पण पिळायचं विसरून तो धरूनच बसले.

"नाव का नाही घेतलंस त्यांचं?" त्यांनी विचारलं.

"तोंडातली गोष्ट," नवी म्हणाली.

"कान पिळा आधी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "गप्पा मग." तेव्हा त्यांनी पिळला, पण हलकाच.

दुसऱ्या दिवशी नवी वर्गात शिरली तर तिच्या बाकावर महासागर नव्हता. तिथे अध्यक्षीण बसली होती, दप्तरबिप्तर मांडून, जन्मल्यापासून तिथेच बसत असल्यासारखी. पृथ्वी बोंबल्याच्या शेजारी, अध्यक्षिणीच्या जुन्या जागेवर जाऊन पडली होती.

नवी उभीच राहिली. एवढे दिवस ती अर्ध्याच बाकावर बसली होती, पण शेजारी माणूस असताना कसं बसायचं ते तिला आठवेना.

"विचार झाला," अध्यक्षीण म्हणाली. "बस ना आता. ए, पण उद्या घुबडाचे आण."

"नाही आणणार," नवी म्हणाली आणि बसली. दोघींची कोपरं एकमेकींना लागली आणि दोघींनीही ती काढून घेतली नाहीत.

मागून बोंबल्याची बोंब आली. "ह्याच्यावर नुसतं पाणीच आहे की. एक गाव नाही, काही नाही. मी असल्या पृथ्वीशेजारी बसणार नाही."

सगळ्या वर्गाने माना वळवल्या. नवीनेही वळवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फिरव की मग. करकरते, पण फिरते ती."